शेतीवाली सीडी, आठ दिवसाच्या बोलीवर

...नाई, पण मी म्हणतो, एक सीडी घ्यायले माणसाले किती दिवस लागावे? सांगा ना! दुकानात गेलं, पाह्यलं, आवडली तं पैसे देल्ले, नाई आवडली तं चप्पल घातली अन् घरी. वीस मिनिटाचं काम. सायकल स्टँडवर बी लावाची गरज नाई, एक पाय पायरीवर टेकवून होते! अन् इथं? सव्वादोन महिने! सव्वादोन महिने आमच्या गजेंद्रच्या घरी एकच चर्चा... घ्याची हाय का नाई घ्याची? अरे, तेवढ्या दिवसात लोकं प्लॉट घेते, घर बांधते, वास्तूचं जेवण घालते, अन् त्या जेवणात वरण पातळ होतं म्हणून साळ्याशी बोलणं बंद करते. इथं एक सीडी ठरेना बाप्पा!

तुमाले सांगतो, हा गजेंद्र म्हणजे माझ्या बाजूच्या टेबलवरचा. आम्ही दोघंही वर्ध्याले झेडपीत बाबू. हा रोज साडेदहाले येते, डबा ड्रॉवरमधी ठेवते, खुर्चीवरची धूळ रुमालानं झटकते, अन् काल घरी काय झालं थे मले सांगते. मी इचारत नाई हं! मी आपला फाइल उघडून बसतो. पण कान काई फाइलमधी घालता येत नाई. तं जे काई झालं थे मले पहिल्या दिवसापासून माहीत हाय, अन् आता तुमालेही ऐकाच लागन.

गोष्ट दोन हजार तीनची. गजेंद्रचे बाबा, पुंडलिकराव, पवनारचे. साडेआठ एकर वावर, अन् बैलाचा नाद. नाद म्हणजे असा का पवनारपासून तिकडे कारंज्यापर्यंत कोणाले गवळाऊ बैलाची जोडी घ्याची असली, का पुंडलिकरावाले जीपच्या पुढच्या सीटवर बसवून नेत. बैल लांबून चालत आला, का ह्यांनी सांगावं, 'डाव्या पुठ्ठ्यात कमी हाय.' मालक शपथा खाये, रडाले ये, अन् शेवटी निघे डाव्या पुठ्ठ्यातच कमी! पण स्वतःसाठी बैल घ्याचा म्हणलं का तीन बाजार फिरल्याशिवाय ह्या माणसानं कधी खिशात हात घातला नाई. तिसऱ्या बाजारी घेत, तेही आठ दिवसाच्या बोलीवर. म्हणजे आठ दिवस घरी नेऊन जुंपून पाहाचं, खोड निघाली तं बैल वापस.

तं अशा माणसाच्या गुडघ्याचं झालं ऑपरेशन, सेवाग्रामले. झ्याक झालं. फक्त डॉक्टर म्हणे, आजोबा, हा पावसाळाभर वावरात पाय ठेवाचा नाई. आता वावर करन मोठा पोरगा, त्याची काई चिंता नाई, पण बुढा घरी बसून पोराले वावर करू देईन का? मंग ठरलं का पुंडलिकरावानं वर्ध्याले गजेंद्रकडे राहाचं. यशोदाबाईले, म्हणजे गजेंद्रच्या मायले, इचारलं, माय, तूही येतं का? थे माउली म्हणे, "ना बाप्पा! चाळीस वर्स झाले, मले बी थोडी सुट्टी पायजे."

अन् तुमाले सांगतो, चौथ्या दिवसापासून गजेंद्रच्या घराचं जे झालं! सकाळी पाच वाजता नळापाशी पुंडलिकराव. "सूनबाई, बादली भरून वायली, नळ बंद कर." सूनबाई म्हणजे प्रेरणा, गजेंद्रची बायको; थे सासऱ्याले मामाजी म्हणे. दूधवाला आला, "दुधात पानी हाय." गॅसवाला आला, "टाकी मोजून दे." भाजीवाल्याच्या गाडीवरची एकेक भेंडी मोडून पाहे, एक ना दोन, पावभर! तो भाजीवाला मंग गल्लीतच येईना. अन् स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून, काठीवर हनुवटी टेकवून, "सूनबाई, जिरं जळून राह्यलं. सूनबाई, कांदा अजून कच्चा हाय. सूनबाई, मी काई बोलत नाई, पण मीठ तू दोनदा टाकलं."

आता हे घरचं घरी असतं तं चाललं असतं. पण प्रेरणा डबे देते. मेडिकलच्या होस्टेलवर चौदा डबे, सकाळ-संध्याकाळ. कोणाचं घर त्या डब्यावर चालत नव्हतं, पण प्रेरणाचा मान त्याच्यावर चाले. स्वतःची कमाई, स्वतःचं नाव! अन् पुंडलिकरावानं काय करावं? डबे नेणाऱ्या ऑटोवाल्याजवळ निरोप देल्ला. "त्या डॉक्टर लोकायले सांगजो, आज वांग्याची भाजी अळणी हाय. मीठ वरून घेजा म्हणा. अन् पोया कालच्यापेक्षा जाड हाय." काऊन? तं म्हणे गिऱ्हाइकाले फसवाचं नाई! खोड असंन तं पहिले सांगाची! आठ दिवसात चौदाचे बारा डबे झाले.

प्रेरणा रडली नाई, ओरडली नाई. रात्रीचे भांडे घासता घासता गजेंद्रले शांतपणे म्हणे, "आचलचे बाबा, ऐका. मामाजींबद्दल माझ्या मनात काही नाही, देवमाणूस आहे. पण पोळ्यापर्यंत त्यायले काही काम लावा. नाही तं दुसऱ्या दिवशी पोरायचा तान्हा पोळा झाला, का मी आचलले घेऊन कारंज्याले, माहेरी. डबे तुम्ही करजा." आता गजेंद्रले, तुमाले म्हणून सांगतो, चहा करता येत नाई. दूध उतू जाते अन् हा तिथंच उभा राहून पाहते. बायको जाईन, डबे जाईन, अन् घरात उरन कोण? तो अन् पुंडलिकराव, एका खोलीत, समोरासमोर! बिचारा दुसऱ्या दिवशी टेबलवर डोकं धरून बसला.

घरी कॉम्प्युटर होता. आमच्या ऑफिसात कागद आला होता ना, सगळ्या बाबू लोकांनी कॉम्प्युटरचा कोर्स करा म्हणून, तवाच घेतला होता. त्याच्यावर प्रेरणानं विणलेलं झाकण. आचल, गजेंद्रची पोरगी, सहावीत, थे कधीमधी त्याच्यात फुलाचं चित्र काढे. बाकी वेळ डब्बा झाकूनच. तं ह्याच्या डोक्यात आलं, बाबाले एखादा गेम आणून द्यावा. गेला रोशनकडे.

रोशन म्हणजे ओमप्रकाश शेठचा पोरगा, पंचवीस-सव्वीसचा. शेठचं साड्याचं दुकान, अन् त्याच दुकानाच्या अर्ध्या काउंटरवर पोरानं मांडलं कॉम्प्युटरचं. इकडे पैठणी, तिकडे प्रिंटर. गजेंद्र म्हणे, "रोशन, बाबासाठी गेम दे. मारामारी नको, पळापळी नको, गुडघ्याचं ऑपरेशन झालं." रोशन म्हणे, "भैया, गेम में गुडघा नहीं लगता." असं म्हणून त्यानं साड्याच्या खोक्यामागून एक सीडी काढली. डब्बीवर टोपी घातलेला गोरा माणूस, मागं ट्रॅक्टर, गाईचा लाल कोठा, कोंबड्या. इंग्रजी नाव इतकं लांब का कोणी वाचलंच नाई, सगळे म्हणत शेतीवाली. "पेरना, पानी देना, काटना, बेचना. काकाजीके लिये एकदम सही. हां, पर सच बोलता हूँ भैया, पुरानी है. नई मशीनपे थोडी अटकती है. कभी चली तो चली, कभी नहीं चली." "केवढ्याले?" "डेढ़सौ."

आता बघा! इथं होतं वीस मिनिटाचं काम. दीडशे रुपये, खिशात होते. गजेंद्रनं डब्बी उलटी केली, सुलटी केली... घ्याची का नाई? अटकते म्हणते. दीडशे पाण्यात गेले तं? नाई घेतली तं बायको कारंज्याले. घ्याची का नाई? अन् मंग त्या माणसाच्या तोंडून थे वाक्य निघालं ज्याच्यापायी सव्वादोन महिने गेले. म्हणे, "एक वेळ बाबाले आणून दाखवतो!"

अरे! अरे बाबा! बैलपारख्या माणसाले जुनी चीज दाखवाले नेते? त्याच्यापेक्षा नुसती घरी नेऊन ठेवली असती! पण नाई. बुधवारी संध्याकाळी रिक्षात घालून पुंडलिकरावाले नेलं, साड्याच्या गादीवर बसवलं. धोतर सावरलं, काठी बाजूले ठेवली, अन् रोशनले इचारलं, "वय काय?"

"मेरा, काकाजी?"

"तुह्यं घेऊन मी काय करू? हिचं."

रोशननं डब्बीवर पाह्यलं. शहाण्णव साल. पुंडलिकरावानं बोटावर मोजलं. "म्हंजे सात वर्साची. दात जुयले, जवानी गेली. हा उताराचा माल हाय, शेठ." मंग सीडी बाहेर काढली, भोकात बोट घातलं, ट्यूबलाइटच्या उजेडात कलती केली. "पाठीवर हे वळ कायचे? पहिलेचा मालक मारत होता का?" "स्क्रॅच है काकाजी, सबपे रहते." "कोनाच्या घरची?" "होस्टेलका एक लडका बेच गया." "काऊन इकली? चांगलं जनावर घरातून कोनी काढते का?" "अरे काकाजी, वो पास होके चला गया!" "हां... असं सारेच सांगते."

अन् मंग काय केलं माहीत हाय? खांद्यावरचा दुपट्टा काढला, रोशनच्या हातावर टाकला, अन् खालून त्याची बोटं धरली! बैलबाजारात भाव असाच होते ना, दुपट्ट्याखाली, बोटं दाबून, म्हणजे बाजूच्याले कळत नाई. पण रोशनले काय माहीत? तो घाबरला. "भैया... भैया, काकाजीने मेरा हाथ पकड़ लिया!" तिकडून ओमप्रकाश शेठ, त्यायचं आयुष्य बाजारातच गेलं, साडीची घडी घालता घालता शांतपणे म्हणे, "डर मत बेटा. दबा." पोरानं घाबरून पाचही बोटं एकदम दाबली. "पाचशे?" पुंडलिकराव उठूनच उभे राह्यले, ऑपरेशनच्या गुडघ्यावर! "दीडशेची म्हणून सांगतं अन् दुपट्ट्याखाली पाचशे मांगतं? पाह्यलं गजेंद्र? लबाडी पाह्यली?"

त्यायले खाली बसवाले दोन कप चहा लागले. शेवटी निकाल काय? पुंडलिकराव म्हणे, "आठ दिवस घरी जुंपून पायतो. खोड निघाली तं वापस. चांगली निघाली तं भाव करू." रोशन बापाकडे पाहे, बाप रोशनकडे. शेठनं मान हलवली, "पुराना रिवाज है, बेटा. दे दे." मी तुमाले इचारतो, कॉम्प्युटरची सीडी आठ दिवसाच्या बोलीवर गेल्याचं ह्या देशात कुठी ऐकलं का? वर्ध्याले झालं हे!

तं झाली सुरू. आचलनं सीडी टाकली, आजोबाले माऊस शिकवला. पुंडलिकराव माऊस सोडे अन् त्याचं वायर धरे, कासऱ्यासारखं! तीन दिवसानं हात बसला. अन् मंग जे बसले थे बसले. पहिल्याच दिवशी म्हणे, "हा गोरा मार्च महिन्यात पेरनी करते. येडा हाय का?" दुसऱ्या दिवशी ओरडले, "सूनबाई! अवो सूनबाई! गाय घरावर चढली!" प्रेरणा धावत आली, तिले वाटलं खरंच कुठी काई झालं. पाहते तं कॉम्प्युटरमधी, लाल कोठ्याच्या छतावर, पांढरीकाळी गाय शांतपणे रवंथ करून राह्यली! थे गेमची खोड होती, रोशन बोलला नव्हता का. पण पुंडलिकरावाले असा आनंद झाला, असा आनंद! वहीच्या मागच्या पानावर लिहिलं, एक नंबर, गाय छतावर.

दोन नंबर, शेजारी. गेममधी बाजूच्या वावराचा एक शेजारी होता, थो कुंपणाले येऊन अटके. म्हणजे पाय चालून राह्यले, माणूस जागच्या जागी. चालतेच, चालतेच! दिवस बुडे, दिवस निंगे, हा कुंपणाले नाक लावून चालतेच. दुसरा कोणी असता तं म्हणला असता, बिघडली बुवा. पुंडलिकराव म्हणे, "धुरा कोरून राह्यला, आपला बांध! मले कळत नाई का? रोज थोडा थोडा सरकते बदमाश!" अन् जेवाले बी उठेना! ताट तिथंच मांगून घे. म्हणे, "मी उठलो का हा इकडे घुसन."

अन् तीन नंबरची सगळ्यात मोठी. पीक कापलं, गाडीत भरलं, गाडी बाजाराले निघाली, का सगळंच थांबे. गाडी थांबे, ढग थांबे, कोंबडीचा पाय वरच्या वर. कोणतंही बटन दाबा, ढिम्म! पुंडलिकरावानं मांडीवर हात मारला. "बसली! नांगराच्या भर तासात बसली! पायजो गजेंद्र, मी म्हणलो होतो ना, हिच्यात खोड हाय!" चेहरा असा खुलला का यशोदाबाईनं पाह्यला असता तं नवरा ओळखला नसता.

अन् स्वयंपाकघर? शांत! जिरं जळो, कांदा कच्चा राहो, कोणी बोलाले नाई. प्रेरणा फोडणी देता देता गाणं गुणगुणे. लाइन गेली, लोडशेडिंग झालं, तरी बुढा वही घेऊन खोडी लिहीत बसे. भाजीवाला गल्लीत वापस आला. बाराचे चौदा डबे झाले, चौदाचे सतरा! गजेंद्र मले म्हणे, "माझं नशीब खुललं." मी म्हणलो, "पोट्ट्या, पैसे देऊन मोकळा हो." म्हणे, "बाबा म्हणते, अजून नाई ठरलं."

आठवा दिवस झाला, दुपट्टा खांद्यावर टाकून पुंडलिकराव दुकानात. वही काढली, एकेक खोड वाचून दाखवली. साड्या घेणाऱ्या बायका हातातले पदर सोडून ऐकत. गाय छतावर. शेजारी धुऱ्यावर. कोंबडी भिंतीतून आरपार. रोशननं हात जोडले. "काकाजी, मैंने पहिलेच बोला था. एक पॅच आता है इसका, वो डालके देता." "प्याच म्हंजे?" "मतलब... ठिगळ." "म्हंजे फाटलेलं हाय हे तुले कबूल?" झालं! दीडशेचे एकशे वीस झाले, अन् ठिगळ लावून आणखी आठ दिवस.

बिचाऱ्या रोशननं इंटरनेटवाल्याकडे बसून, दोनदा फोन कटला, तिसऱ्यांदा थे ठिगळ उतरवलं. लावलं. अन् गाय खाली उतरली! खरं सांगतो, गाय खाली उतरली, गोठ्यात गेली. पण थो शेजारी? आरपार निघाला! कुंपण ओलांडून सरळ ह्यायच्या वावरात, ह्यायच्या भोपळ्यात उभा, अन् तिथं चालून राह्यला जागच्या जागी. पुंडलिकरावानं वही पुढं ओढली. मंग शांतपणे म्हणे, "शेवटी घुसला का नाई?" पाच नंबर!

एकशे वीसचे शंभर. पुन्हा आठ दिवस. शंभरचे नव्वद. पुन्हा आठ दिवस. रोशन म्हणे, "काकाजी, लेना है के नहीं लेना?" पुंडलिकराव म्हणे, "घाई कायची हाय?" मंग पंच म्हणून बाजूच्या गल्लीतले बबनराव आले, एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. त्यायनं आणखी दोन दोस्त आणले. दर बुधवारी चार बुढे साड्याच्या गादीवर, मधी थे सीडी, अन् चर्चा. बबनराव म्हणे घेऊन टाका, दुसरा म्हणे चाल चांगली हाय, तिसरा म्हणे तिसऱ्या बाजारापर्यंत थांबा. एका बुधवारी रोशनच्या डोळ्यात पाणीच आलं. "काकाजी, फोकट में ले जाओ! मेरे बाप की कसम, एक पैसा नहीं चाहिये!" अन् पुंडलिकरावानं दोस्ताकडे पाह्यलं, डोळा बारीक केला. "ऐकलं? फुकट देऊन राह्यला. म्हंजे अजून एखादी मोठी खोड हाय, जे आपल्याले सापडली नाई." चला, आणखी आठ दिवस!

शेवटी पोळा आला सहा दिवसावर, अन् रोशन आला आमच्या ऑफिसात. माझ्या समोर गजेंद्रचे पाय धराले वाकला हो! "भैया, धंदा बंद होनेको आया. बायका येते, चार बुढ्ढे बैठे देखते, वापस जाते. एकदा सांगून टाका ना, घेणं हाय का नाई घेणं?" गजेंद्रले लाज वाटली. मलेही वाटली. म्हणलो, "अबे, तू नोकरीवाला माणूस, दीडशे रुपड्यासाठी दुकानदार रडवतं?" हे मी म्हणलो. माझंच चुकलं, आता सांगून टाकतो. त्यानं तिथंच, माझ्या टेबलवर, दीडशे मोजून देल्ले. पूर्ण दीडशे. रोशननं रसीद फाडून देल्ली, अन् पैसे घेऊन जिन्यावरून पळतच गेला.

संध्याकाळी गजेंद्र घरी. छाती फुगवून, पेढ्याचा पुडा घेऊन. "बाबा, झंझट मिटली! घेतली! आपल्या मालकीची झाली! आता खेळा जन्मभर, कोणाले वापस कराची नाई!"

पुंडलिकरावानं माऊस खाली ठेवला. "मले न इचारता?"

"अजी बाबा, आपली झाली ना आता!"

"केवढ्यात?"

"...दीडशे."

"पूर्ण?"

गजेंद्र सांगत होता मले, बाबाचा चेहरा असा उतरला का त्याले वाटलं आपण चोरी केली. पुंडलिकराव म्हणे, "साठवर आणला होता मी त्याले. पुढच्या बुधवारी चाळीसवर आणत होतो." बस्स. उठले, कॉम्प्युटरवर विणलेलं झाकण टाकलं, त्याचे चारही कोपरे नीट केले. आचल म्हणे, "आजोबा, शेजारी अजून भोपळ्यात हाय ना! त्याले काढाचं नाई?" तं म्हणे, "राहू दे बाई. दावनीले बांधलेल्या जनावराची कोनी खोड काढत नाई. जशी हाय तशी सांभायाची." पेढा बी खाल्ला नाई. गजेंद्रले तवा कळलं का बुढा सव्वादोन महिने गेम खेळतच नव्हता, थो तं ह्या वर्ध्यात, गुडघा धरून, आपला बैलबाजार करत होता!

अन् दुसऱ्या दिवशी सकाळी पाच वाजता? नळापाशी आवाज. "सूनबाई, बादली वायली." सात वाजता दारात खुर्ची. "सूनबाई, मी काई बोलत नाई, पण हिंग जास्त झाला." नऊ वाजता ऑटोवाल्याजवळ निरोप, "डॉक्टर लोकायले सांगजो, वरनाले आज चव नाई." तीन दिवसात सतराचे तेरा! चौथ्या दिवशी गजेंद्र घरी गेला तं माळ्यावरची सूटकेस खाली, अन् प्रेरणा आचलचे फ्रॉक घडी करून राह्यली. फ्रॉकची घडी घातली, ठेवली. दुसरी घातली, ठेवली. पोळा परवावर!

गजेंद्रनं चप्पलही नीट घातली नाई. सरळ रोशनकडे, रस्त्यात भेटला तं मीही मागं, कारण माझं चुकलं होतं ना. "रोशन, सीडी वापस घे!"

"भैया, बिका हुआ माल वापस नहीं होता."

"पैसे नको देऊ! नुसती घे! बाबाले सांग व्यवहार मोडला!"

"काकाजी मानेंगे? रसीद दिखाई ना तुमने उनको?"

दाखवली होती. ह्या शहाण्यानं रसीद दाखवली होती, दीडशे पूर्ण म्हणून! गजेंद्र मटकन साड्याच्या गादीवर बसला. मंग इकडेतिकडे पाह्यलं, पुढं झुकला, अन् आवाज खाली करून म्हणे, "रोशन... त्याच्यापेक्षा खराब काई हाय का?"

अन् तुमाले सांगतो, त्या पोराले हसू नाई आलं. त्यानं काउंटरखालून एक खोकं काढलं, त्याच्यावर कपडा टाकलेला. "है ना भैया. पण पहिलेच सांगतो. बराबर चलनेवाली पचास रुपया. बिगड़ी हुई दोसौ."

"दोनशे? बिघडलेलीचे दोनशे? काऊन बे?"

"डिमांड है, भैया. बबनराव काकाजीकी बहू परसो आके गई. उनके दोनों दोस्तोंकी बहुएँ भी. तीनों बोली, जो सबसे ज्यादा अटकती वो दे दो. ये आखरी बची."

गजेंद्रनं डब्बी हातात घेतली. काळी डब्बी, रेल्वेइंजिनचं चित्र, अर्धं फाटलेलं. माणूस हतबल होते म्हणजे काय होते थे मी त्या दिवशी पाह्यलं. म्हणे, "काय खोड हाय हिच्यात?"

रोशननं छातीवर हात ठेवला. "खोड? भैया, ये चलतीच नहीं. नाव येते, गाणं वाजते, अन् बंद. आज तक किसीके घर में नहीं चली. गॅरंटी देतो, लिहून देतो."

गजेंद्र म्हणे, "रसीद फाडू नको, बाबाले आठ दिवसाच्या बोलीवर आणली म्हणून सांगतो," अन् दोनशे मोजले. पुन्हा पुन्हा मोजले. द्यायले हात पुढं केला, अन् मंग परत मागं घेतला. घामेघूम झाला होता बिचारा. म्हणे, "पक्कं ना, रोशन? नाई तं बाबा एखाद्या दिवशी लाइन आल्यावर बटन दाबन, अन् हे बयताड चालू लागन... मंग मी कुठी जाऊ?"